बॅटरी बदलण्याआधी एक रात्र मोजा : इलेक्ट्रिक मोटारींच्या सर्व्हिस विभागांना खुले पत्र

प्रति,
इलेक्ट्रिक मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हिस विभागप्रमुख
आणि अधिकृत वर्कशॉपचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत माणसं सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी लावून रेल्वेने कोकणात जातात. दहा-बारा दिवसांनी परततात तेव्हा गाडीचं दारही उघडत नाही. निघताना मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली असते, तरी गाडी ढिम्म. पार्किंग ब्रेक विजेवरचा, त्यामुळे ढकलून बाहेर काढता येत नाही. गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बेसमेंटच्या उतारावरून आत येत नाही. कसंबसं बाहेरच्या बॅटरीवरून जंप देऊन गाडी तुमच्या वर्कशॉपमध्ये पोहोचते. तिथे बारा व्होल्टची बॅटरी बदलली जाते, जॉबकार्डावर ‘बॅटरी कमजोर, बदलली’ एवढंच लिहिलं जातं आणि किल्ली परत मिळते. पुढे मे महिन्याच्या सुट्टीनंतर ती नवी बॅटरीही उतरते.

हे पत्र त्या जॉबकार्डावरच्या तीन शब्दांबद्दल आहे. इलेक्ट्रिक गाड्यांचं वायरिंग तपासणारे तंत्रज्ञ आणि त्या गाड्या रोज वापरणारे मालक, असे आम्ही मिळून ते लिहीत आहोत. मागणं एकच आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरली तर करंट मोजल्याशिवाय बॅटरी बदलू नका, आणि मोजमाप मिनिटभराचं नको, रात्रभराचं करा.

तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र गाडीमालकही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगतो. गाडीत दोन बॅटऱ्या असतात. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी काहीशे व्होल्टची. गाडी बंद केली की कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे मोठे स्विच) उघडतात आणि ती बाकीच्या गाडीपासून पूर्ण तुटते. मग दाराची कुलपं, किल्ली ओळखणारा रिसीव्हर, अलार्म, मोबाइल अ‍ॅपशी बोलणारा मोडेम आणि ते कॉन्टॅक्टर पुन्हा जोडणारा कंट्रोलर, हे सगळं छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती उतरली की मोठ्या बॅटरीत कितीही वीज असो, तिच्यापर्यंत पोहोचायची वाटच बंद होते. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतली वीज कमी व्होल्टला उतरवून छोटी बॅटरी भरतो. बऱ्याच गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून जाग्या होऊन हे काम करतात. पण मोठी बॅटरी दहा-वीस टक्क्यांच्या खाली गेली की अनेक गाड्या हा आधार काढून घेतात. नेमक्या कोणत्या टक्क्याला, हे मालकाच्या पुस्तिकेत क्वचितच सापडतं. ते छापा, ही आमची एक छोटी मागणी.

पेट्रोल गाडीची बॅटरी म्हातारी झाली की आधी सांगते. सकाळी स्टार्टर कण्हतो, दोन-तीनदा मारावा लागतो, मालक समजून जातो. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टर नाही. कंट्रोलर जागे करायला आणि कॉन्टॅक्टर ओढायला मोजके अ‍ॅम्पिअर पुरतात, म्हणून निम्म्याहून जास्त क्षमता गमावलेली बॅटरीही रोजच्या वापरात धडधाकट वाटते. रोज वीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती रोज भरली जाते आणि रोगाला पांघरूण मिळतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की पांघरूण निघतं.

इथेच तुमच्या टेबलावरच्या टेस्टरचा दोष सांगायला हवा. हातात धरायचा, चिमटे लावून तीस सेकंदांत निकाल देणारा टेस्टर बॅटरीची स्टार्टर फिरवायची ताकद अजमावतो. या गाडीत त्या ताकदीला काम नाही, इथे साठा लागतो. साठा मोजायचा तर बॅटरी पूर्ण भरा, काही तास तशीच ठेवा, मग ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब लावा. तो सुमारे साडेचार अ‍ॅम्पिअर ओढतो. नव्या ४० एएच (अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) बॅटरीने १०.५ व्होल्टवर येईपर्यंत साधारण सात तास काढायला हवेत. तीन तासांत तिथे आली तर निम्म्याहून जास्त क्षमता गेली, मग टेस्टरवर हिरवा दिवा असला तरी. चाचणी संपताच बॅटरी लगेच पुन्हा भरायची, रिकामी ठेवायची नाही.

रिकामी राहणं हेच लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं मरण आहे. प्लेटांवर जमलेलं लेड सल्फेट कमी चार्जमध्ये दिवसेंदिवस राहिलं की कडक होतं आणि पुढे चार्ज केलं तरी पूर्ण विरघळत नाही. दोन-चार वेळा पार उतरलेली बॅटरी खरोखरच कमजोर होते. म्हणून जॉबकार्डावरचं वाक्य खोटं नसतं. बॅटरी कमजोर असतेच. पण तिला कमजोर करणारा गाडीत तसाच बसून असतो आणि नव्या बॅटरीवर कामाला लागतो.

आता आकडे. झोपलेल्या गाडीने साधारण २० ते ५० मिलिअ‍ॅम्पिअर घ्यावेत. ५० धरले तर दिवसाला १.२ एएच. ४० एएच बॅटरीतले २० एएच म्हणजे अर्धा साठा वापरायला सोळा दिवस लागतात. तोच करंट ३०० मिलिअ‍ॅम्पिअर झाला की दिवसाला ७.२ एएच जातात आणि अर्धा साठा तीन दिवसांच्या आत संपतो. गाडी स्वतःहून छोटी बॅटरी भरत असेल तर ती बंद पडत नाही, पण रोज खोलवर उतरून रोज भरली जाते. हा सराव या बॅटऱ्यांना मानवत नाही.

मोजायचं कसं, हेही लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली चूक म्हणजे मीटर लावण्यासाठी निगेटिव्ह टर्मिनल काढणं. ते निघालं की सगळे कंट्रोलर रीसेट होतात. अडकलेला मोडेम, न झोपणारा गेटवे (सगळ्या कंट्रोलरना एकमेकांशी जोडणारा), अर्धवट राहिलेलं सॉफ्टवेअर अपडेट, सारं क्षणात शहाण्यासारखं वागू लागतं. मीटर २५ मिलिअ‍ॅम्पिअर दाखवतो, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो, आणि चार दिवसांनी मालकाच्या पार्किंगमध्ये दोष परत येतो. म्हणून गाडी वर्कशॉपमध्ये आली तेव्हा छोटी बॅटरी जिवंत असेल तर टर्मिनलला हात लावायच्या आधी क्लॅम्प मीटर (केबलभोवती जबडा घालून करंट मोजणारा) लावा. तो डीसीचा हवा. घरगुती वायरमन वापरतात तो एसी क्लॅम्प इथे शून्यच दाखवेल. एक मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत वाचणारा असेल तर उत्तम, दहापर्यंत वाचणारा चालेल. जबडा केबलभोवती घालण्याआधी केबलच्या शेजारी धरून शून्य करा, आणि बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (खुंटावर) येणाऱ्या सगळ्या वायरी जबड्यात घ्या. एखादी बारीक वायर बाहेर राहिली आणि चोरी नेमकी तिच्यातून होत असली तर मीटर निरपराध्याला पकडून बसेल.

मीटर लावायच्या आधी गाडीला वाटलं पाहिजे की सगळे निघून गेले. काच खाली करा, बॉनेट उघडा आणि बॉनेटच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून तो बंद स्थितीत फिरवा. एक ‘कट’ असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचं बॉनेट उघडं असल्याचं चिन्ह जातं. काम झाल्यावर आतली बॉनेटची खिटी ओढून लॅच आधी मोकळा करायचा, मगच बॉनेट लावायचं. विसरलात तर लॅच वाकतो. दारं लावून गाडी किल्लीनेच लॉक करा आणि दोन्ही किल्ल्या किमान दहा मीटर लांब न्या. दुसरी किल्ली सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या खिशात असते आणि तो गाडीशेजारून दिवसभर येरझाऱ्या घालतो, हे लक्षात ठेवा. मग किमान तासभर कोणीही गाडीला हात लावायचा नाही. काही गाड्या पंधरा मिनिटांत झोपतात, काहींना दोन तास लागतात. दहाव्या मिनिटाला घेतलेला आकडा काहीच सांगत नाही.

झोपल्यावरही करंट जास्त दिसला तर फ्यूज उपटत सुटू नका. फ्यूज काढून परत लावला की त्या सर्किटवरचा कंट्रोलर जागा होतो, आणि तो इतरांनाही उठवतो. फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडे बिंदू असतात. मिलिव्होल्टच्या रेंजवर मीटरची टोकं त्यांवर टेकवा. करंट वाहत नसेल तर शून्य, वाहत असेल तर किंचित व्होल्टेज दिसेल. १० अ‍ॅम्पिअरच्या मिनी फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १३ मिलिअ‍ॅम्पिअर, १५ च्या फ्यूजवर सुमारे २०, आणि २० च्या फ्यूजवर सुमारे ३०. फ्यूजच्या बनावटीनुसार थोडं इकडेतिकडे होईल, पण चोर कोणत्या गल्लीत आहे ते समजायला एवढं पुरतं. हा तक्ता फ्यूज बॉक्सशेजारी उभं राहून वाचता येईल अशा अक्षरात प्रत्येक बेमध्ये (गाडी कामाला लावायच्या जागेत) लावा. जी फ्यूज पेटी आसनाखाली किंवा डॅशबोर्डच्या आत असते तिचं झाकण गाडी झोपवण्याआधीच काढून ठेवावं लागतं, नाहीतर दार उघडलं की सगळं मुसळ केरात.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहिलं.

झोपलेली गाडी २५ मिलिअ‍ॅम्पिअर घेते, तंत्रज्ञ खूण करतो आणि निघून जातो. पण ती गाडी दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटांसाठी जागी होत असेल आणि तेवढ्या वेळात पाच अ‍ॅम्पिअर घेत असेल, तर सरासरी करंट सुमारे पाऊण अ‍ॅम्पिअरच्या जवळ जातो. दिवसाला सोळा एएचहून जास्त. म्हणजे भरलेली ४० एएच बॅटरी अडीच दिवसांत तळाला. तंत्रज्ञाने कोणत्याही क्षणी मीटर बघितला तर पंधरातली तेरा मिनिटं त्याला आकडा निर्दोषच दिसणार. दोष शोधणाऱ्याची नजर चुकवून तो राहतो, आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा प्रामाणिकपणे लिहिला जातो.

म्हणून रात्रभर नोंद हवी. स्वस्त क्लॅम्पचं शून्य तापमानाबरोबर सरकतं, त्यामुळे रात्रीच्या कामाला तो भरवशाचा नाही. ५० अ‍ॅम्पिअर सोसणारा १० मिलिओहमचा शंट (करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) निगेटिव्ह केबलमध्ये घाला आणि त्याच्या दोन टोकांवर नोंद ठेवणारा मीटर लावा. घालताना आधी जाड जंपर वायरने पोस्ट आणि केबल जोडून ठेवा, शंट बसला की मगच जंपर काढा, म्हणजे पुरवठा एक क्षणही तुटत नाही. नोंद दर दहा सेकंदांनी हवी. दर पाच मिनिटांनी घेतलेली नोंद दोन मिनिटांची जाग अनेकदा हुकवते. शंट बसवताना गाडी चार्जिंगला नको आणि चालूही नको. टूल टर्मिनल आणि बॉडी या दोघांना एकदम टेकणार नाही याकडे लक्ष द्या.

सकाळी आलेखच बोलतो. करंट अगदी ठरावीक अंतराने वर जात असेल तर एखादा कंट्रोलर किंवा मोडेम घड्याळ लावून उठतो आहे. बेसमेंटमध्ये नेटवर्क नसलं की मोडेम सतत टॉवर शोधतो आणि झोपेत जातच नाही. तीच गाडी मोकळ्या जागेत लावून दुसऱ्या रात्री मोजा, फरक दिसतो. उसळ्या अनियमित असतील तर किल्ली किंवा मोबाइल अ‍ॅप तपासा. फ्लॅटच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेली किल्ली आणि भिंतीपलीकडे उभी गाडी, एवढं पुरतं. पहिले तीन-चार तासच करंट जास्त असेल तर चार्जिंगनंतर बॅटरी थंड करणारा पंप किंवा डाउनलोड चालू असेल. पहाटे ठरावीक वेळी जाग येत असेल तर कोणीतरी कधीतरी लावलेलं केबिन थंड करायचं किंवा चार्जिंगचं वेळापत्रक शोधा. आणि रात्रभर करंट एकसारखा, सपाट आणि जास्त असेल तर तो बहुधा दिवा, चिकटलेला रिले किंवा बाहेरून बसवलेलं उपकरण असतं. डिकीतला दिवा झाकण लागल्यावर विझतो की नाही, हे मोबाइलचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवला की दोन मिनिटांत समजतं.

ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये) काही लावलेलं असेल तर आधी ते काढा. विम्याचा ट्रॅकर असो की ब्लूटूथ रीडर, ते स्वतः थोडंच खातात, पण गेटवेला प्रश्न विचारत राहतात आणि सगळी गाडी जागी ठेवतात.

बाहेरून बसवलेल्या उपकरणांबद्दल तुम्हाला थोडं कडक बोलणं भाग आहे. डॅशकॅम, जादा दिवे, अ‍ॅम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर यांतलं बरंचसं गाडी ताब्यात देताना डीलरच्याच अ‍ॅक्सेसरी विभागात बसवलं जातं, बिलासकट. बसवणारा मुलगा फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून जादा वायर काढायचा जोड) घालतो आणि घाईत कायम वीज असलेल्या फ्यूजवर घालतो. पार्किंग मोडमधला डॅशकॅम २५० मिलिअ‍ॅम्पिअर घेत असेल तर दिवसाला ६ एएच, म्हणजे तीन दिवसांत अर्धी बॅटरी. त्याच्या वायरिंग किटवर कट-ऑफची खटकी असते आणि कारखान्यातून ती बरेचदा ११.६ किंवा ११.८ व्होल्टवर आलेली असते. ११.८ व्होल्टला बॅटरी जवळजवळ रिकामीच असते. खटकी १२.२ च्या वर लावा, शक्य असेल तर १२.४. पुढे बॅटरी उतरली की त्याच वर्कशॉपमध्ये ‘बाहेरची अ‍ॅक्सेसरी आहे, वॉरंटी नाही’ असं ऐकवलं जातं. अ‍ॅक्सेसरी तुमच्या छपराखाली बसली असेल तर झोपेतला करंट बसवण्याआधी आणि बसवल्यावर मोजून बिलावर लिहा. वाद उरणारच नाही.

मोठ्या बॅटरीचे टक्के उभ्या गाडीत घटतात, ही वेगळी तक्रार आहे. तिला ‘इलेक्ट्रिक गाडीत असं होतंच’ हे उत्तर देऊ नका. लिथियम सेल स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्क्यांहून जास्त गमावत नाहीत. झोपेतला ५० मिलिअ‍ॅम्पिअरचा करंट म्हणजे दिवसाला १५ वॅट-तास, ३० किलोवॅट-तासांच्या बॅटरीत ०.०५ टक्क्याइतकाच. मग दिवसाला तीन टक्के जात असतील तर ते ९०० वॅट-तास झाले. काहीतरी अहोरात्र ३७ वॅट खात आहे आणि ते शोधता येतं. कॅमेऱ्यांची पहारा व्यवस्था चालू असलेली गाडी २०० वॅट घेत असेल तर दिवसाला ४.८ युनिट, म्हणजे त्याच बॅटरीचे सोळा टक्के. मालकाला ही सोय हवी असेल तर खुशाल ठेवू दे, पण गाडी ताब्यात देताना त्याला हा हिशेब सांगा.

पण एक सावधगिरी हवी. पहिल्या दिवशी दोन टक्के घटले आणि मग थांबले तर ती गळती नाही. गाडी शांत उभी राहिल्यावर सेलचं व्होल्टेज स्थिरावतं आणि बीएमएस (मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर) आपला अंदाज सुधारतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलमध्ये हे जास्त दिसतं, कारण मधल्या पट्ट्यात त्यांचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं आणि त्यावरून टक्के ओळखणं अवघड जातं. अशा गाडीला कंपनी सांगेल त्या अंतराने शंभर टक्के चार्ज देणं हा उपाय आहे. त्यामुळे चाचणी चार दिवसांची करा. साठ टक्क्यांना गाडी लावा, सगळ्या सोयी बंद, प्लग काढलेला, अ‍ॅप उघडायचं नाही. पहिल्या दिवसाची घट वेगळी लिहा आणि पुढच्या तीन दिवसांची वेगळी. पुढच्या तीन दिवसांत मिळून तीन टक्क्यांहून जास्त गेलं तर छोट्या बॅटरीवर रात्रभर नोंद ठेवा. घटीचं कारण बहुधा तिथेच असतं.

अ‍ॅप उघडायचं नाही, हे मालकाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. काळजीपोटी माणूस दिवसातून सहा वेळा टक्के बघतो. दर वेळी गाडी उठते आणि पुन्हा झोपायला दहा मिनिटं घेते. पाच अ‍ॅम्पिअरच्या हिशेबाने सहा वेळांचे पाच एएच. त्यापेक्षा छोट्या बॅटरीवर ब्लूटूथ व्होल्टेज मॉनिटर लावलेला बरा. तो गाडीला न उठवता स्वतःच नोंद ठेवतो. १२.६ व्होल्टची सरळ रेघ मधूनमधून १२.३ पर्यंत खचत असेल तर गाडी जागी होते आहे, आणि १३.५ च्या वर चढत असेल तर छोटी बॅटरी भरली जाते आहे. असा आलेख घेऊन मालक आला तर त्याला हसू नका. तुमचं निम्मं काम तो करून आला आहे.

डीसी-डीसी कन्व्हर्टर तपासायचं काम दोन मिनिटांचं आहे, तरी ते राहून जातं. गाडी रेडी करा (चालवायला तयार अशा चालू स्थितीत आणा) आणि बॅटरीच्या पोस्टवर व्होल्टेज बघा. १३.५ ते १४.७ च्या दरम्यान हवं. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावूनही १३ च्या खाली जायला नको. कन्व्हर्टरकडे बोट जाणं कल्पनेतलं नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या आणि कियाने १,१३८ ईव्ही ६ गाड्या परत बोलावल्या, त्या आयसीसीयू नावाच्या चार्जिंग युनिटमधल्या दोषामुळे छोटी बॅटरी उतरू शकते म्हणून. या दोन्ही कंपन्यांनी दोष जाहीर करून गाड्या बोलावल्या, हे योग्यच केलं. मुद्दा एवढाच, की अशा दोषाची पहिली खूण ‘बॅटरी कमजोर’ हीच असते. बॅटरी बदलून गाडी परत पाठवणाऱ्या वर्कशॉपला ती खूण कधीच दिसत नाही, आणि कंपनीच्या कार्यालयापर्यंत आकडाही पोहोचत नाही.

किनारपट्टीच्या वर्कशॉपनी टर्मिनलकडे जास्त बघावं. रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या गाड्यांत पोस्टवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. टर्मिनल घट्ट वाटतं पण आत थर असतो, आणि बॅटरी पूर्ण भरलीच जात नाही. रेडी स्थितीत मीटरचं एक टोक पोस्टच्या शिशावर आणि दुसरं क्लॅम्पच्या धातूवर ठेवा. ०.१ व्होल्टहून जास्त दिसलं तर साफ करा. बॉडीच्या अर्थिंगच्या बोल्टलाही हीच कसोटी. विदर्भात वेगळी अडचण आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर लावलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. तिथे साठ्याची चाचणी दर वर्षी एप्रिलच्या आत करा.

यार्डातल्या नव्या गाड्यांचंही बघा. त्या महिनोन् महिने उभ्या असतात, रोज दहा वेळा दारं उघडून गिऱ्हाइकांना दाखवल्या जातात, आणि त्यांची छोटी बॅटरी गाडी विकली जाण्याआधीच दोन-तीनदा उतरलेली असते. पीडीआयच्या (ताबा देण्याआधीच्या तपासणीच्या) कागदावर रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज लिहा. १२.४ च्या खाली असेल तर पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा, १२ च्या खाली सापडली असेल तर साठ्याची चाचणी करा आणि नापास झाल्यास ताबा देण्याआधी स्वतःच्या खर्चाने बदला. मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी मिरवायची आणि छोटी मात्र खरचटलेली द्यायची, हे बरोबर नाही.

नवी बॅटरी बसवताना जुनीचाच प्रकार आणि एएच ठेवा. एजीएमच्या (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेल्या बॅटरीच्या) जागी साधी बॅटरी चालत नाही, चार्जिंगचं व्होल्टेज वेगळं असतं. निगेटिव्ह पोस्टवर सेन्सर असलेल्या गाडीत स्कॅनरवरून बॅटरी बदलल्याची नोंद करा. बाहेरच्या चार्जरची काळी क्लिप अशा गाडीत पोस्टला न लावता बॉडीच्या अर्थिंग बिंदूला लावावी, नाहीतर भरलेला चार्ज सेन्सरच्या हिशेबातच येत नाही.

मालकाला द्यायचा कागद एका पानाचा, मराठीत आणि तुमच्या मॉडेलपुरता असावा. गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल तर मोठी बॅटरी ५० ते ६० टक्के ठेवा, पहारा आणि वेळापत्रकं बंद करा, ओबीडीतलं काढा, किल्ली लांब ठेवा. निगेटिव्ह टर्मिनल काढायचं की नाही, हे मॉडेलनुसार स्पष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा, ‘सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’ लिहू नका. किल्लीतलं धातूचं पातं कसं काढायचं, दाराचं भोक कोणत्या झाकणामागे आहे आणि बॉनेट कसं उघडायचं, याचं चित्र द्या. जंप कुठे लावायचा ते दाखवा. छोटा १२ व्होल्टचा जंप पॅक पुरतो, कारण फक्त कंट्रोलर जागे करायचे असतात. पण आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी जंप करू नका, हे ठळक छापा. स्टार्टरचा झटका डीसी-डीसीला झेपत नाही. रेडी झाल्यावर गाडी किमान तासभर तशीच ठेवावी, आणि पार उतरलेली बॅटरी त्यानंतर चार अ‍ॅम्पिअरच्या चार्जरवर दहा-बारा तास भरावी. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलला मालकाने हात लावायचा नाही, आणि प्रशिक्षण नसलेल्या मेकॅनिकनेही नाही. या पत्रातलं सगळं काम बारा व्होल्टच्या बाजूचं आहे.

जॉबकार्डावर आम्हाला पाच आकडे हवेत. गाडी आली तेव्हाचं छोट्या बॅटरीचं व्होल्टेज, झोपेतला करंट, रात्रभराचा सरासरी करंट, रेडी स्थितीतलं व्होल्टेज, आणि साठ्याच्या चाचणीत बॅटरीने काढलेले तास. रात्रभराच्या नोंदीचा आलेख पीडीएफ करून मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्यासाठी गाडी एक रात्र ठेवून घ्यावी लागेल आणि एक बे अडकेल, हे आम्ही जाणतो. ती रात्र सॉकेटजवळच्या कोपऱ्यात, लिफ्ट नसलेल्या जागेतही काढता येते. गाडीला फक्त शांतता लागते.

पुढची मोठी सुट्टी यायच्या आत एका वर्कशॉपमध्ये तरी हे सुरू करा. शंट, मीटर आणि फ्यूजचा तक्ता लावायला एक दिवस पुरतो. तंत्रज्ञांना शिकवायला लागणारी दुपार आम्ही आमच्या वेळेतून, विनामोबदला देऊ.

आपले,
इलेक्ट्रिक मोटारींचं वायरिंग तपासणारे तंत्रज्ञ आणि गाडीमालक